परदेशातून पैसे कसे घ्यायचे? खान्देशातल्या छोट्या व्यावसायिकांना पडणारे प्रश्न

अमळनेरात १९४५ साली वनस्पती तेल-तुपाचा कारखाना म्हणून सुरू झालेली विप्रो पुढे जगभर गेली. त्यामुळे आपल्याकडून परदेशी धंदा होत नाही हे म्हणणं तसं जुनंच झालं. आज जळगावात बसून कुणी कॅनडातल्या दंतवैद्याची वेबसाइट सांभाळतं, कुणी धुळ्याहून जर्मन कंपनीसाठी नकाशे काढतं, तर शिरपूरच्या एखाद्या ताईंना लंडनहून उडदाच्या पापडांची मागणी येते. गिऱ्हाईक मिळतं, अडतं ते पैशापाशी. ‘मी कुठे पैसे पाठवू?’ असं समोरच्याने विचारलं की आपण गप्प. म्हणून हे प्रश्न एकत्र केले आहेत. दर आणि नियम बदलत राहतात, तेव्हा मोठा व्यवहार करण्याआधी बँकेत आणि आपल्या सीएकडे एकदा विचारून घ्या.

अमेरिकेतलं गिऱ्हाईक म्हणतं, व्हेन्मो किंवा झेलचा आयडी द्या. खातं कसं उघडू?

उघडता येणार नाही. व्हेन्मो, झेल आणि कॅश अ‍ॅप ही अमेरिकेतल्या अमेरिकेत पैसे फिरवायची साधनं आहेत. तिथल्या मित्राच्या नावावर खातं चालवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. पैसे मित्राच्या नावावर जमा होतात, कर तिथे त्याला विचारला जातो आणि तुमच्या हाती कागद काहीच उरत नाही.

मग आपलं यूपीआय त्यांना चालेल का?

परदेशी माणसाला त्याच्या देशात बसून चालणार नाही. दुबई, सिंगापूर, फ्रान्स इथल्या काही दुकानांत यूपीआय चालतं ते आपण तिकडे गेल्यावर खर्च करण्यासाठी. सिंगापूरच्या पेनाऊ या यूपीआयसारख्याच सेवेशी २०२३ च्या फेब्रुवारीत जोडणी झाली, पण ती माणसाने माणसाला घरगुती पैसे पाठवण्यापुरती आहे. धंद्याचं बिल त्यातून घेऊ नये.

स्ट्राइपवर नोंदणी करायला गेलो तर ‘निमंत्रण हवं’ असं येतं. काही युक्ती?

स्ट्राइप या कार्डाचे पैसे ऑनलाइन घेऊन देणाऱ्या सेवेने २०२४ पासून भारतात नवी खाती फक्त निमंत्रणावर ठेवली आहेत. काही जण अमेरिकेत कंपनी काढून तिच्या नावावर स्ट्राइप घेतात. काम मोठं असेल तर तो मार्ग कायदेशीर आहे. पण मग दरवर्षी तिथलं विवरणपत्र भरायचं, इथल्या विवरणपत्रात परदेशी मालमत्ता दाखवायची आणि परकी चलन कायद्याखाली गुंतवणूक कळवायची, हे सगळं मागे लागतं. महिन्याला दोन-तीन बिलं काढणाऱ्याने या फंदात पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

पेपल तर भारतात बंद झालं ना?

अर्धवट ऐकलेली बातमी. १ एप्रिल २०२१ पासून पेपल या ऑनलाइन पैसे घ्यायच्या-द्यायच्या सेवेने भारतातल्या भारतात होणारे व्यवहार बंद केले. परदेशातून भारतात पैसे घेणं चालू आहे. फक्त तीन गोष्टी ध्यानात ठेवा. पॅन, पेपल आणि बँक खातं यांच्यावरचं नाव एकसारखं हवं. पॅनवर वडिलांचं नाव मधे असेल आणि बँकेत नसेल तर तिथेच गाडी अडते. दुसरं, आलेले पैसे पेपलमध्ये साठवून त्यातून खरेदी करता येत नाही, ते बँकेत उतरतातच. तिसरं, भारतातल्या खात्यावर ‘मित्र आणि कुटुंब’ या सदराखाली पैसे येत नाहीत. माल किंवा सेवा याच सदराखाली यावे लागतात, त्यामुळे शुल्क चुकवायची ती पळवाट इथे नाही.

पेपल नेमकं किती कापतं?

याचं उत्तर खातं उघडण्याआधी कुणी विचारत नाही आणि नंतर सगळे विचारतात. परदेशी व्यवहारावर साधारण ४.४ टक्के आणि वर थोडी ठरावीक रक्कम, हा दर बरीच वर्षं चालत आला आहे. पण खरा फटका पुढे बसतो, डॉलरचे रुपये करताना. तिथे बाजारभावापेक्षा तीन-चार टक्के कमी भाव धरला जातो आणि ही वजावट शुल्क म्हणून वेगळी दिसत नाही.

५०० डॉलरचं बिल घ्या. २२ डॉलरच्या आसपास शुल्कात गेले, उरले ४७८. त्यावर चार टक्के भावात गेले, म्हणजे आणखी १९ डॉलर. एकूण ४१ डॉलर, म्हणजे बिलाचा आठ टक्के भाग. बाजार समितीत हमाली-तोलाई कापून पट्टी हातात येते तसंच हे, फरक एवढाच की तिथे कापलेला आकडा निदान पट्टीवर लिहिलेला असतो. ५० डॉलरच्या छोट्या कामाला पेपल ठीक. हजार डॉलरच्या बिलाला ते वापरणं म्हणजे हातचे पैसे सोडून देणं.

मग हजार डॉलरसाठी काय वापरू?

तीन मार्ग आहेत. एक, बँकेची थेट वायर, म्हणजे त्याच्या बँकेतून तुमच्या बँकेत थेट पाठवलेले पैसे, तिचं पुढे सविस्तर सांगतो. दुसरा, गिऱ्हाइकाने वाइजसारख्या सेवेतून पाठवणं. त्यात तुम्हाला स्वतःचं वाइजचं खातंसुद्धा लागत नाही. तुमचा खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड गिऱ्हाइकाला दिला की तो त्याच्या चलनात पैसे भरतो आणि तुमच्याकडे रुपये येतात. भाव बाजाराच्या जवळचा असतो आणि शुल्क आधीच दिसतं. मात्र पाठवताना उद्देश विचारला जातो, तिथे गिऱ्हाइकाने काय निवडायचं ते तुम्हीच त्याला सांगून ठेवा. त्याला बिचाऱ्याला आपले नियम कुठून माहीत असणार?

पायोनियर हा तिसरा पर्याय, विशेषतः काम एखाद्या ऑनलाइन बाजारातून येत असेल तर. त्यात तुमच्या नावाने अमेरिकेतल्या, युरोपातल्या बँक खात्याचे तपशील मिळतात. गिऱ्हाईक त्याच्या देशातल्या देशात पैसे भरतं आणि ते रुपयांत तुमच्या बँकेत येतात.

बँकेच्या वायरसाठी गिऱ्हाइकाला काय काय कळवायचं?

खात्यावरचं तुमचं नाव जसंच्या तसं, खाते क्रमांक, शाखेचा पत्ता, स्विफ्ट कोड (परदेशी व्यवहारात बँक ओळखायचा कोड) आणि बँक सांगेल तर मधल्या परदेशी बँकेचं नाव. यात स्विफ्ट कोडशी सगळ्यात जास्त घोळ होतो. पुष्कळ जण आयएफएससीच देतात. ओळखायची खूण सोपी आहे. आयएफएससी अकरा अक्षरांचा असतो आणि त्याचं पाचवं अक्षर नेहमी शून्य असतं. स्विफ्ट कोड आठ किंवा अकरा अक्षरांचा असतो आणि भारतातल्या बँकेच्या कोडात पाचवं-सहावं अक्षर ‘आय’ आणि ‘एन’ असतं.

तालुक्याच्या शाखेला स्वतःचा स्विफ्ट कोड बहुधा नसतो. पैसे त्याच बँकेच्या परकी चलन हाताळणाऱ्या मोठ्या शाखेत येतात आणि तिथून तुमच्या खात्यात. त्यामुळे चोपड्याच्या शाखेतला कारकून ‘आमच्याकडे स्विफ्ट नाही’ म्हणाला तरी निराश होऊ नका. ‘आपल्या बँकेची परकी चलनाची शाखा कुठली आणि तिचा कोड काय?’ असं विचारा.

माझं खातं सहकारी बँकेत आहे. चालेल?

इथेच आपल्याकडचे निम्मे लोक अडकतात, कारण खान्देशात नागरी सहकारी बँका आणि पतसंस्था घरोघरी पोचलेल्या आहेत. पतसंस्थेत परदेशातून पैसे येत नाहीत, विषय संपला. सहकारी बँकांपैकी ज्यांच्याकडे रिझर्व्ह बँकेचा परकी चलन व्यवहाराचा पहिल्या श्रेणीचा परवाना आहे त्यांच्याकडे थेट येतात. बाकीच्यांकडे दुसऱ्या मोठ्या बँकेमार्फत कधी येतात, कधी मधेच लटकतात. वडिलांच्या काळापासूनचं खातं बंद करा असं मी म्हणत नाही. पण परदेशी कामासाठी एखाद्या राष्ट्रीयीकृत किंवा मोठ्या खासगी बँकेत वेगळं चालू खातं उघडा. एकट्याच्या मालकीच्या व्यवसायाला सहसा धंद्याचे दोन पुरावे मागतात. उद्यम नोंदणी फुकट होते आणि शॉप अ‍ॅक्टची नोंद ऑनलाइन मिळते. तेवढ्यावर बहुतेक ठिकाणी भागतं.

१००० डॉलर पाठवले म्हणतात, आले ९७५. बाकीचे कुठे गेले?

मधल्या बँकेने घेतले. वायर करताना पाठवणाऱ्याला खर्च कुणाकडे ते निवडावं लागतं: सगळा त्याच्याकडे, अर्धा-अर्धा की सगळा तुमच्याकडे. ‘सगळा पाठवणाऱ्याकडे’ हा पर्याय निवडायला सांगा आणि तसं बिलावरच लिहा. शिवाय तुमची बँक रुपये करताना त्या सेवेवर जीएसटी लावते. एक लाख रुपयांपर्यंतच्या रूपांतरावर तो किमान ४५ आणि जास्तीत जास्त १८० रुपये असतो, म्हणजे किरकोळ. जास्त जातं ते भावात. बँकेचा त्या दिवसाचा खरेदीचा भाव विचारायला लाजू नका. नियमित पैसे येत असतील तर शाखाधिकाऱ्याशी बोलून भाव थोडा वाढवूनही मिळतो. सराफ बाजारात घासाघीस करणारी आपली माणसं बँकेत मात्र मुकाट सही करतात!

वेस्टर्न युनियनने सगळ्यात लवकर येतात. ते का नको?

तो मार्ग घरच्यांना पैसे पाठवण्यासाठी आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार त्यातून एका वेळी २,५०० डॉलरपर्यंत आणि एका माणसाला वर्षात तीसपर्यंतच रकमा घेता येतात, आणि व्यापाराचे पैसे त्यातून घ्यायला परवानगी नाही. आखातात कामाला असलेल्या भावाने घरखर्चाला पाठवले तर उत्तम. तुमच्या बिलाचे नकोत.

बँकेतून फोन आला, ‘पर्पज कोड सांगा’. हे काय असतं?

परदेशातून आलेला प्रत्येक रुपया कशासाठी आला हे बँकेला रिझर्व्ह बँकेकडे कळवावं लागतं. त्यासाठी ठरलेले कोड आहेत, आवक पैशांचे कोड ‘पी’पासून सुरू होतात. सॉफ्टवेअर सल्ला आणि त्या प्रकारच्या कामाला पी०८०२, व्यवसाय-व्यवस्थापन सल्ल्याला पी१००६, जाहिरातीच्या कामाला पी१००७, माल पाठवण्याआधी घेतलेल्या आगाऊ रकमेला पी०१०३. यादी लांब आहे, आपल्या कामाला जवळचा कोड बँकेकडून एकदा नक्की करून घ्या आणि दरवेळी तोच सांगा.

धोक्याचा कोड म्हणजे पी१३०१, कुटुंबाच्या निर्वाहासाठी आलेले पैसे. घाईत कारकून तोच टाकतो किंवा आपणच ‘घरचेच आहेत’ म्हणून मोकळे होतो. मग वर्षअखेरीस विवरणपत्रात तुम्ही ते पैसे धंद्याचं उत्पन्न म्हणून दाखवता आणि बँकेच्या नोंदीत ते काकाने पाठवलेले असतात. जीएसटीत ‘ही निर्यात आहे’ म्हणायला गेलात की हीच नोंद आडवी येते. कोड चुकला असेल तर बँकेला लगेच लेखी अर्ज देऊन दुरुस्त करून घ्या. सहा महिन्यांनी गेलात तर शाखेत कुणी दाद देत नाही.

एफआयआरए (‘फिरा’) किंवा एफआयआरसी नावाचा कागद सगळे मागतात. तो कुठे मिळतो?

परदेशातून अमुक माणसाकडून अमुक कामाचे इतके पैसे आले, असं बँकेने दिलेलं हे प्रमाणपत्र. थेट वायर आली तर तुमची बँक देते, तिथे अर्ज करावा लागतो आणि काही बँका शुल्क घेतात. पेपल किंवा पायोनियरमधून आले तर त्यांच्या खात्यात शोधा. वाइजसारख्या मार्गाने आले तर तुमच्या बँकेत ती रक्कम साधी देशांतर्गत जमा दिसू शकते, त्यामुळे प्रमाणपत्र त्या सेवेकडूनच मागावं लागतं. दर महिन्याला मागून बिलाच्या प्रतीला जोडून ठेवा.

जीएसटी लागतो का?

सेवा देत असाल आणि वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणी सक्तीची नाही, गिऱ्हाईक परदेशी असलं तरी. नोंदणी असेल तर निर्यात शून्य दराची धरली जाते. त्यासाठी दर आर्थिक वर्षाला आरएफडी-११ हा अर्ज भरून हमीपत्र द्यायचं, नाहीतर आधी कर भरून मग परतावा मागत बसावं लागतं. सेवा निर्यात ठरायला गिऱ्हाईक भारताबाहेरचं हवं, कामाचं ठिकाण कायद्याने बाहेर धरलं जायला हवं आणि पैसे परकी चलनात किंवा रिझर्व्ह बँकेने मान्य केलेल्या रीतीने रुपयांत यायला हवेत. वरच्या कागदाचं महत्त्व इथे कळतं. आयकर वेगळा: परदेशी पैसा म्हणून तो माफ होत नाही.

पापड, शेव, केळीचे वेफर्स पाठवायचे असतील तर?

माल निघाला की नियम वाढतात. परकी व्यापार महासंचालनालयाचा आयात-निर्यात कोड हवा, त्याची फी ५०० रुपये आहे आणि तो दरवर्षी एप्रिल ते जून या काळात अद्ययावत करावा लागतो. खाद्यपदार्थ असल्याने अन्नसुरक्षा परवाना हवा. पापडावर जीएसटी नाही, वेफर्सवर आहे, आणि करपात्र माल परदेशी पाठवायचा तर उलाढाल कितीही लहान असो, नोंदणी लागते. पार्सल टपालाने पाठवता येतं. बऱ्याच टपाल कार्यालयांत आता डाकघर निर्यात केंद्र आहे, तिथे निर्यातीचा कागद भरला जातो.

आधी पैसे, मग पार्सल. नव्या गिऱ्हाइकाला उधारी देऊ नका. अमेरिकेला पाठवत असाल तर आणखी एक: ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलवर असलेली जकात माफी अमेरिकेने २९ ऑगस्ट २०२५ पासून काढून टाकली. जकात कोण भरणार हे बिलावर आधीच लिहा, नाहीतर गिऱ्हाईक पार्सल घेतच नाही आणि मग पैसे परत मागतं.

आणि सॅन होजेतल्या मुलाने भुसावळच्या आईसाठी तुमच्याकडून लोणचं मागवलं तर? माल भारतातच पोचतो, ही निर्यात नव्हे. त्याच्याकडे अनिवासी भारतीयाचं खातं असेल आणि देश यादीत असेल तर तो आपल्या परदेशी मोबाइल नंबरवरून यूपीआयने रुपयांत देऊ शकतो. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर, अमिराती, सौदी, कतार, ओमान, हाँगकाँग हे त्या यादीतले पहिले दहा.

वेबसाइटवर परदेशी कार्ड चालायला हवं.

भारतीय पेमेंट गेटवेवर परदेशी कार्डांची सोय वेगळी चालू करून घ्यावी लागते, आपोआप नसते. वेबसाइटवर पत्ता, पैसे परत करायचे नियम, माल पोचवायचे नियम दिसायला हवेत, तपासताना तेच पाहतात. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये सीमेपलीकडच्या पेमेंट कंपन्यांसाठी वेगळी चौकट आणली, त्यात एका वस्तूची किंवा सेवेची कमाल मर्यादा २५ लाख रुपये आहे. आपल्यातल्या बहुतेकांना ती पुरून उरेल.

अहिराणी व्हिडिओंचं चॅनल आहे. यूट्यूबचे पैसे कसे येतात?

गूगलच्या अ‍ॅडसेन्स या जाहिरात सेवेमधून, १०० डॉलर जमल्यावर, थेट बँकेत वायरने. कराची माहिती भरायला विसरू नका. ती भरून भारत-अमेरिका कराराचा लाभ घेतला तर अमेरिकेतल्या प्रेक्षकांकडून आलेल्या कमाईवरच १५ टक्के कापले जातात. भरलीच नाही तर जगभरच्या एकूण कमाईतून २४ टक्क्यांपर्यंत कापू शकतात. अहिराणी गाण्यांचा मोठा प्रेक्षक सुरतेत आणि आपल्याच तीन जिल्ह्यांत, म्हणजे माहिती भरली तर कपात जवळपास नाहीच.

माल एकाने घेतला, पैसे दुबईतून दुसराच पाठवतो म्हणतो.

केळीच्या व्यापारात हा प्रश्न नेहमीचा आहे. इराणसारख्या देशाशी अमेरिकी निर्बंधांमुळे बँका व्यवहार टाळतात, मग पैसे तिऱ्हाइताकडून येतात. ते कायद्याने चालतं, पण अटींवर: पैसे बँकेतूनच यावेत, ते कोण देणार याचा लेखी पुरावा असावा आणि निर्यातीच्या घोषणापत्रात तसं नमूद असावं. माल निघण्याआधी बँकेला सांगा.

‘तिकडे माझ्या माणसाला दिरहम देतो, तुम्हाला जळगावात रोख मिळतील’ असं कुणी म्हणालं तर ती हवाला आहे. परकी चलन कायद्यात त्याला रकमेच्या तिप्पट दंड होऊ शकतो. ओळखीचा पाहुणा सांगत असला तरी हात जोडा.

क्रिप्टोत घेतले तर?

घेऊ नका. नफ्यावर ३० टक्के कर, तोटा कशातही वळता करता येत नाही, आणि निर्यातीचं परकी चलन आलं असं दाखवणारा कागद मिळत नाही.

गावच्या वाचनालयाला परदेशातले गावकरी देणगी देऊ इच्छितात.

देणारा कुठे राहतो हे दुय्यम, त्याचा पासपोर्ट कुठला ते पाहा. भारतीय नागरिकाने परदेशातल्या आपल्या बचतीतून, बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी देणगी धरली जात नाही. त्याच्या पासपोर्टची प्रत मात्र जपून ठेवा. पण त्याने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल, तर तो कितीही आपल्या गल्लीतला असला तरी पैसा परदेशी ठरतो. मग संस्थेला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी आणि पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. अध्यक्षांच्या खासगी खात्यात घेऊन नंतर संस्थेत भरणं हा कायदेभंग आहे, हेतू चांगला असला तरी.

पैसे देऊन झाल्यावर गिऱ्हाइकाने तक्रार करून परत ओढले तर?

कार्ड आणि पेपलमध्ये ही शक्यता राहतेच. पेपलवर १८० दिवसांपर्यंत तक्रार करता येते. बँकेच्या वायरमध्ये पैसे असे सहज परत ओढता येत नाहीत. कामाची मान्यता ईमेलवर घ्या, फाइल दिल्याची नोंद ठेवा, पार्सलचा माग ठेवा. मोठं काम असेल तर अर्धे आधी, बाकीचे अंतिम फाइल देण्याआधी.

वायर निघून आठवडा झाला, खात्यात काही नाही. कुणाकडे जाऊ?

गिऱ्हाइकाकडून त्याच्या बँकेची स्विफ्ट प्रत मागवा, पूर्वी तिला एमटी १०३ म्हणत. तिच्यावर व्यवहाराचा क्रमांक असतो. ती घेऊन शाखेत न जाता बँकेच्या परकी चलन विभागाला ईमेल करा, सोबत बिल, करार आणि पर्पज कोड जोडा. बहुतेक वेळा पैसे तिथेच कागदाची वाट पाहत थांबलेले असतात आणि फोन जुन्या नंबरवर गेलेला असतो. ३० दिवसांत लेखी तक्रारीला उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन, फुकट तक्रार करता येते.